आधी तिथी, मग रस्ता

दिवाळी जवळ आली की माझ्याकडे एकच मागणी घेऊन लोक येतात. भाऊबीज आटोपली की पुण्याहून गाडी काढायची, तीन रात्री हाताशी आहेत, किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन यायचं. सहली आखून देणं हेच माझं काम. समोरच्याने बहुतेक वेळा किलोमीटरचा हिशेब करून ठेवलेला असतो. मी आधी कालनिर्णय उघडायला सांगतो.

कोकणचा किनारा नकाशात सलग दिसतो, रस्त्यावर तसा तो नाही. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्यांनी तो जागोजागी तोडला आहे. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, या तिन्ही आपल्या वाटेत येतात. बॅरिस्टर अंतुल्यांनी रेवस ते रेडी सागरी महामार्गाचा ध्यास घेतला होता, पण या खाड्यांशी आलं की आजही गाडी फेरीबोटीतच चढवावी लागते. दाभोळहून धोपाव्याला बोटीने गेलं की गुहागर हाकेवर येतं. तेच खेड-चिपळूण करून जायचं म्हटलं तर शंभराहून जास्त किलोमीटर पडतात आणि अर्धा दिवस जातो.

शिवाय या वाटेवरच्या दोन उत्तम जागा पाण्याच्या वेळा पाळतात, आपल्या नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला ओहोटी हवी, हेदवीच्या बामणघळीला भरती. म्हणून कोळीवाड्यात सगळ्यांना तोंडपाठ असलेला हिशेब मी प्रत्येकाला शिकवतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला बारा भागिले चार, म्हणजे तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडे-तिकडे धरावा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीची वेळापत्रकं तारखेने जशीच्या तशी उचलून चालत नाही.

आता भाऊबीजेनंतरची तृतीया धरू. पहाटे निघावं. ताम्हिणीत ऊन यायच्या आत पोचलं तर घाट निवांत मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुट्टीतली माणगावची कोंडी टळते. पुढे म्हसळ्याकडे वळलं की भातकापणीचा मोसम दिसतो. कुठे पेंढ्या रचलेल्या, कुठे खळ्यात झोडणी चाललेली. इथे घाई करू नये. पहिल्या दिवशी दिवेआगर, श्रीवर्धन बघत संध्याकाळी हरिहरेश्वरला मुक्काम.

चतुर्थीला सकाळी आठला प्रदक्षिणा सुरू करावी. देवळामागून पायऱ्या चढून वर गेलं की दोन कड्यांच्या अरुंद फटीतून वाट थेट समुद्रात उतरते. खाली लाटांनी कापलेला सपाट खडक, आणि शेजारच्या कातळाला पाण्याने आणि खाऱ्या वाऱ्याने पाडलेली जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. हात फिरवून बघावी अशी. ओल्या शेवाळावर पाय देऊ नये, आणि पाणी चढत असेल तर उतरूच नये. इथे माणसं वाहून गेली आहेत. ‘लांबून आलोय, पटकन जाऊन येतो’ म्हणणाऱ्यांची मला खरंच धास्ती वाटते.

मग जवळच्या बागमांडल्याहून वेसवीला बोट. पाणी उतरलेलं असताना धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये कोन तयार होतो आणि बुटक्या गाडीचा पोटाकडचा भाग घासतो. माणसं उतरवून गाडी हलकी करावी, आणि बोटीवरचा पोरगा हाताने दाखवेल तसंच चाक वळवावं. त्याला रोजची सवय आहे. केळशी, आंजर्ले करत चारच्या सुमारास हर्णै गाठावं. होड्या आल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव उभा राहतो, मागे पाण्यात सुवर्णदुर्ग. हर्णै-मुरूडकडे राहावं.

पंचमीला दाभोळ. कधीकाळी बहमनी आणि आदिलशाही काळातलं हे मोठं बंदर. धक्क्याजवळच्या जुन्या शाही मशिदीला अर्धा तास द्यावा, मग बोट धरावी. गुहागरला जेवण. त्या दिवशीची भरती पावणेचारची, तेव्हा सव्वातीनला हेदवीत असावं. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात उभी चीर आहे. चढतं पाणी त्या चिंचोळ्या चिरेत कोंडतं आणि वाट न मिळाल्याने उसळून वर येतं. पंचमीला उधाण ओसरून पाणी भांगाकडे चाललेलं असतं, त्यामुळे फवारा पावसाळ्याइतका उंच जाणार नाही. तरी काठापासून लांबच उभं राहावं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर जोर जास्त.

तिथून तवसाळला जाऊन बोटीने जयगड, आणि रात्री गणपतीपुळे. शेवटची बोट किती वाजता, हे सकाळीच फोन करून विचारून ठेवावं. चुकली तर भलामोठा वळसा पडतो.

याच तीन रात्रींत मालवणही बसवा असं कुणी म्हटलं की मी नाही म्हणतो. एका मुक्कामाला दोन गावं जोडली की माणूस नुसता गाडीतच बसून राहतो आणि खाणावळीतल्या बाईंना अवेळी चूल पेटवावी लागते. जेवायला किती माणसं, मासे की शाकाहारी, हे त्यांना सकाळी कळवलं तर ताजं मिळतं.

षष्ठीला पुळ्याला भरती साडेचारची, म्हणजे सकाळी साडेदहापर्यंत पाणी उतरत असतं. नेमकं तेव्हाच दर्शन उरकून सगळे समुद्राकडे धावतात. उतरतं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि तिथला किनारा पटकन खोल होतो. मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नये. आंघोळीचा हट्ट संपला की अकराच्या आत निघावं, म्हणजे चिपळूणला जेवून कुंभार्ली घाट उजेडात चढून होतो.