पावतीपाशी अडलेलं नाव

जळगावला आमच्या गल्लीत लग्नाची मोठी पातेली, कढया, झारे समाजाचे असतात. ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो आणि आणून ठेवतो. आचारी येतो तो फक्त यादी घेऊन. भांडी आहेतच, हे त्यानं धरलेलं असतं. मधल्या काळात कुणी मोठा झारा काढून टाकला आणि वहीत खाडाखोड केली नाही, तर ते सकाळी कळत नाही. पंगत बसल्यावर कळतं.

लिनक्सवर प्रोग्राम असेच राहतात. अक्षरं काढणं, फाइल दाबून लहान करणं, छापणं ही कामं प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत नाही. ती सामाईक लायब्ररीत एकदाच लिहिलेली असतात आणि प्रोग्राम सोबत फक्त नावं आणतो. या नावांना सिंबल म्हणतात. ‘एनएम’ नावाच्या कमांडनं प्रोग्राम उघडून पाहिला की काही नावांपुढे ‘यू’ दिसतो. म्हणजे हे मला हवंय, पण माझ्याकडे नाही. लायब्ररी उघडली की त्याच नावापुढे ‘टी’ असतो. म्हणजे हे माझ्याकडे आहे. हा मजकूर तुम्ही अँड्रॉइडवर वाचत असाल तर यातली जोडाक्षरं हार्फबझ नावाच्या अशाच एका लायब्ररीनं जुळवलेली आहेत. तिचे आभार कोणी मानत नाही, ते सोडा.

दोन वर्षांपूर्वी, कापसाच्या ऐन हंगामात, धुळ्याहून मामांचा फोन आला. अवधान एमआयडीसीच्या बाजूला त्यांचा वजनकाटा आहे. “अरे, पावती निघत नही. बाहेर गाड्या उभ्या शेतस.” प्रोग्राम उघडत होता, वजन दिसत होतं, गाडीचा नंबर टाकता येत होता. ‘छापा’ म्हटलं की सगळं बंद.

इथंच मला शंका आली. लिनक्स बऱ्याचदा फंक्शनचं नाव आधी शोधतच नाही. ते पहिल्यांदा वापरायची वेळ आली की शोधतो. म्हणून एखादं नाव नसलेला प्रोग्रामही तासभर सुखानं चालू शकतो. मामांना टर्मिनल उघडायला लावलं आणि प्रोग्राम तिथून सुरू करायला सांगितला. मग त्यांनी इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. अनडिफाइन्ड सिंबल, आणि पुढे प्रिंट_स्लिप. मागे ट्रॅक्टरवाल्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. कापूस भरलेली गाडी उभी राहिली की शेतकऱ्याचा दिवस जातो, आणि त्याच्या हातात पावती नसेल तर जिनिंगवाला गाडी आत घेत नाही.

आदल्या रात्री पुरवठादाराचं अपडेट आलं होतं. नव्या लायब्ररीत त्या फंक्शनचं नाव बदललेलं होतं, पण लायब्ररीचा स्वतःचा नंबर तोच ठेवला होता. त्यामुळे पॅकेज मॅनेजरला सगळं जुळतंय असंच वाटलं. नशिबानं जुनं पॅकेज मशीनवरच साठवलेलं होतं. फोनवरच मामांकडून ते परत बसवून घेतलं आणि चाळीसेक मिनिटांनी पहिली पावती निघाली.

हे डेबियनच्या रीतीनं बांधलेलं पॅकेज असतं तर अपडेट मामांपर्यंत पोचलंच नसतं. डेबियनमध्ये लायब्ररीसोबत एक सिंबल्स फाइल ठेवता येते. कोणतं नाव, आणि ते कोणत्या आवृत्तीपासून आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पॅकेज बांधताना डीपीकेजी-जेनसिंबल्स ही यादी ताज्या लायब्ररीशी ताडून बघतो. एखादं नाव गायब असेल तर बांधणीच थांबते. दुसऱ्या बाजूला डीपीकेजी-शलिबडेप्स प्रोग्रामला लागणारी नावं वाचतो आणि किमान कोणती आवृत्ती हवी ते स्वतः लिहितो. सगळ्यात नवीच हवी असं नाही, जेवढी पुरेल तेवढी. मोबाइल डेटावर अपडेट ओढणाऱ्याला याची किंमत कळते.

पुरवठादाराकडच्या पोराला मी अशी फाइल करून पाठवली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नाव काढलं की लायब्ररीचा नंबर बदलायचा, आणि नंबर बदलला की तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्राम पुन्हा बांधायचे. तो एकटाच होता. पण मग जुनं नाव राहू द्यायचं होतं, आतून नव्याला जोडून. दोन ओळींचं काम आहे ते.

डेबियननं २०२४ मध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं. ३२-बिट मशीनवर सेकंद मोजायची जागा १९ जानेवारी २०३८ ला संपते. ती वाढवली की वेळेला हात लावणाऱ्या लायब्ररींची नावं तीच राहतात, अर्थ मात्र बदलतो. सिंबल्स फाइललाही हे दिसत नाही. म्हणून शेकडो लायब्ररी-पॅकेजांच्या नावापुढे ‘टी६४’ जोडलं आणि त्यांच्यावरचं सगळं पुन्हा बांधलं. जुने ३२-बिट पीसी त्यातून मुद्दाम वगळले, कारण त्यांच्यावर आता कुणीच पुन्हा बांधणार नाही असे जुने प्रोग्राम चालतात. डेबियन १३ मध्ये तर त्या पीसींसाठी इन्स्टॉलरही नाही.

मामांचं मशीन त्यातलंच. दिवाळीत धुळ्याला गेलो तेव्हा त्यांना ही तारीख सांगितली. त्यांनी चहा ओतला आणि विचारलं, “वार कोणता येतो रे त्या दिवशी?” मी फोनमध्ये पाहिलं. मंगळवार.

“मग बाजार नही,” मामा म्हणाले, आणि पुढची गाडी काट्यावर घ्यायला उठले.