कडबा रचताना काठी आधी, हात मागनं

ज्वारी निघाली, कडबा रचायचं काम चालू झालंय, म्हणून लिहितोय. आमच्या माणदेशातल्या माळावर दगडाखाली विंचू, फुरसं ही काही नवी गोष्ट नाही. फुरसं म्हणजे हातभर जनावर, पण अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. तो आवाज आला की जागीच थांबायचं.

चार वर्षांमागं पेंढी उचलताना वडिलांच्या बोटाला चावलं. मी घाबरून दोरीनं हात आवळला, उतारा शोधत गावात दोन तास घालवले. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं ठेवलं, गोठलंच नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं. सर्पविषावरच्या इंजेक्शननं वडील वाचले, बोट मात्र गेलं. आवळलं नसतं, तर कदाचित राहिलं असतं. चूक माझीच.

आता पेंढी आधी काठीनं हलवतो. पायात बूट, रात्री बॅटरी. दिसलं तर मारत नाही, वाट देतो; उंदीर-विंचू तेही खातंच की. चावलंच तर आवळू नका, कापू नका. हात हलू न देता थेट दवाखाना गाठा.

वडील अजून माळावर येतात. पेंढीवर पहिली काठी त्यांचीच पडते.