दोन सनी बॉय आणि माझी एक थाप

सनी बॉय विल्यमसन हा अमेरिकेतलं ब्लूज संगीत गाणारा आणि माउथ ऑर्गन वाजवणारा एकच मोठा कलावंत, असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या नावाचे दोघे होते. ही चूक माझ्याकडून नकळत झाली. पण ती झाकायला मी जी थाप मारली, ती कळून सवरून मारली. लिहायचं आहे ते त्या थापेबद्दल.

नाशिकच्या एका मित्राने पेन ड्राइव्हमध्ये साठेक गाणी भरून दिली होती. सगळ्यांवर नाव एकच, साल कुठेच नाही. नामपूरला घरी आल्यावर चाळीतला कांदा निवडताना मी ती लावून ठेवायचो. पहिले काही दिवस ती मला चक्क बेसूर वाटली. माझा कान भजनी मंडळात पेटी वाजवून तयार झालेला, आणि माउथ ऑर्गन म्हणजे 'शोले'तली भानू गुप्तांनी वाजवलेली धून, एवढीच ओळख. इथे गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. वादकाला स्वर सापडत नाही, असा निकाल मी देऊन टाकला.

तो निकाल चुकला होता. पेटी आणि माउथ ऑर्गन दोन्ही हवेने थरथरणाऱ्या रीडवर बोलतात. पण पेटीत हवा भाता भरतो, माउथ ऑर्गनमध्ये ओठांमागचा श्वास. ब्लूजवाला श्वास आत ओढताना जीभ आणि घसा असा बदलतो की स्वर खाली वाकतो. म्हणून तो सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेऊन जी पट्टीत वाजवतो; तिथे महत्त्वाचे स्वर आत ओढायच्या श्वासावर येतात. मी ज्याला चुकलेला गंधार म्हणत होतो, तो मुद्दाम वाकवलेला होता. पेटीवर न निघणारी मींड या खिशात मावणाऱ्या वाद्यावर निघते हे कळलं, आणि मग त्या गाण्यांचं मला वेडच लागलं.

वेड लागलं की माणूस दुसऱ्यांना सांगत सुटतो. गावातल्या वाचनालयात आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून एकदा जमायचो. तिथे मी तासभर सनी बॉयवर बोललो. टेनेसीत 1914 साली जन्म, 1937 मध्ये पहिली ध्वनिमुद्रणं, आणि 1 जून 1948 रोजी शिकागोत कार्यक्रमाहून घरी परतताना झालेल्या हल्ल्यात अवघ्या चौतिसाव्या वर्षी मृत्यू. मधूनमधून गाणी वाजवली. काहींत आवाज कोवळा, काहींत पिकलेला. 'हा तरुणपणीचा आणि हा उतारवयातला,' असंही मी सांगितलं. चौतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला उतारवय कुठलं, हे बोलताना माझ्या डोक्यातही आलं नाही.

मागे बसलेला बारावीचा एक मुलगा मोबाइल बघून म्हणाला, "काका, आता लावलेलं 'डोन्ट स्टार्ट मी टॉकिंग' इथे 1955 चं दाखवतंय. ते तर 1948 ला वारले ना?"

मला उत्तर माहीत नव्हतं. 'बघून सांगतो' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "ध्वनिमुद्रण जुनंच आहे, रेकॉर्ड मागाहून निघाली." लोकांनी माना डोलावल्या. मुलगा खाली बसला.

त्या रात्री मी तेच गाणं पुन्हा लावलं. मागे ड्रम, पियानो, विजेची गिटार. मग 1937 चं लावलं. तिथे गायक ओळ संपवतो न संपवतो तोच माउथ ऑर्गन तिचं शेवटचं अक्षर उचलून धरतो. सगळी घाई, सगळा उत्साह. 1955 च्या गाण्यात मात्र माणूस जपून बोलतो, थांबतो. वाद्यावर धरलेली ओंजळ उघडते, मिटते, आणि स्वर कुणी कानाशी कुजबुजावं तसा येतो. दोन माणसं होती. पहिल्यापासून कानांवर पडत होती; मी नाव वाचून ऐकत होतो.

दुसऱ्याचं खरं नाव ॲलेक मिलर, सगळे त्याला 'राइस' म्हणत. पहिला हयात असतानाच, 1941 पासून, अर्कान्सामधल्या हेलेना गावच्या रेडिओवर 'किंग बिस्किट टाइम' या पिठाच्या जाहिरातीच्या कार्यक्रमात तो हेच नाव लावून वाजवू लागला. मूळ सनी बॉय मीच, असं तो सांगत राहिला. 1965 मध्ये तो वारला. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या दुसऱ्याच कवीचे अभंग मिसळले गेले, हे मी भजनात लहानपणापासून ऐकलेलं. नाम्याच्या बाबतीत ठाऊक असलेली गोष्ट इथे मला सुचली नाही.

खरं कळल्यावरही मी दोन महिने गप्प बसलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक. शेवटी बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. तो मुलगा तोवर शिकायला पुण्याला गेला होता, म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण तुम्ही मोठे, म्हणून बोललो नाही."

हे वाक्य मनातून जात नाही. मिलरची गाणी दुसऱ्याच्या खात्यावर टाकली याचं वाईट वाटतंच. पण माझ्या वयाच्या जोरावर एका मुलाचा बरोबर प्रश्न मी गप्प केला, त्याचं जास्त वाटतं.

आता प्रत्येक गाण्यापुढे मी वहीत कलावंताचं खरं नाव, साल आणि साथीदार लिहितो. तुम्हीही लिहा. आणि कुणी लहान माणसाने साल विचारलं, तर माहीत नाही म्हणा. सनी बॉय विल्यमसन या नावाची एक कबर टेनेसीत आहे आणि दुसरी मिसिसिपीत, टटवायलर गावी.