मांडीवरचं सूप कधी उतरवायचं?

तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी ती पदराला हात पुसते. तरी बोटांचा तंबाखूचा वास जात नाही. सातवा महिना लागलेला. "मॅडम, विड्या वळणं कधी बंद करू?"

सोलापूरच्या पूर्व भागातून, कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतून येणाऱ्या बायकांकडून हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. आणि दर वेळी वाटतं, तो सातव्या महिन्यात नाही, पाळी चुकली तेव्हाच विचारायला हवा होता.

गरोदरपण हा आजार नाही. प्रकृती ठीक असेल, तर शिक्षिका किंवा बँकेतली कर्मचारी नवव्या महिन्यापर्यंत काम करू शकते. विड्यांचं तसं नाही. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आणि श्वासावाटे शरीरात जातं, वारेतून बाळापर्यंत पोचतं. बाळाचं वजन कमी भरण्याची, दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची भीती वाढते. त्यात तासन् तास मांडी घालून बसणं. पाय सुजतात, कंबर धरते. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल, तर थकवा आणखी वाढतो.

म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: दिवस गेल्याचं कळलं, की तंबाखूचं सूप मांडीवरून उतरवा. ते अगदीच अशक्य असेल, तर निदान विडीचा पाला कापण्याचं काम गरोदर बाईकडे द्या, तंबाखू भरणं दुसऱ्याकडे. जेवण आणि झोप तंबाखूपासून लांब. तासाभराने उठून चार पावलं चाला. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर काम तिथेच टाकून दवाखाना गाठा.

पण हजार विड्यांवर मजुरी मोजली जाते, तिथे नुसतं "थांबा" म्हणणं सोपं आहे. थांबण्याचे पैसे कोण देणार? मुंबई विधिमंडळात 1928 मध्ये बाबासाहेब आंबेडकर प्रसूती लाभाच्या बाजूने उभे राहिले, ते याच प्रश्नासाठी. पुढे 1961 चा प्रसूती लाभ कायदा झाला आणि 1966 च्या विडी कामगार कायद्याने तो घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही लागू केला. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. अट एवढीच, की आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असावं.

ते 80 दिवस कागदावर दिसावे लागतात, आणि घोडं तिथेच अडतं. विड्या सून वळते, विडी कामगाराचं कार्ड सासूच्या नावावर. कष्ट हिचे, नोंद तिची.

म्हणून पहिल्याच तपासणीत मी रक्तदाबाबरोबर दोन गोष्टी विचारते: तंबाखू दिवसातून किती तास मांडीवर असतो, आणि कार्ड कुणाच्या नावावर आहे? परवा सोबत आलेल्या एका सासूने हे ऐकलं. क्षणभर गप्प राहिली, मग सुनेकडे वळून म्हणाली, "उद्या माझ्यासंगं चल, तुझं नाव घालून येऊ."

त्या सुनेला तिसरा महिना होता. अजून वेळ हातात होता.