वहीतल्या लाल रेघा

मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते.

२०२२ चा उन्हाळा. शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, काडतुसं पुन्हा महागली. हजाराला दोनशे पौंडांच्या आसपास पडायची, ती आता तीनशेकडे चाललीत. मी तोंडाने हळहळले आणि मनात म्हटलं, बरं झालं. त्या वर्षी गॅस, वीज, तेल, ब्रेड, सगळंच वर गेलं होतं. निदान ही एक महागाई तरी गरिबाच्या पोटाला चिमटा काढणारी नव्हती. बंदुका उडवायची हौस आहे ना, मग मोजा पैसे.

हा राग इंग्लंडमध्ये आल्यावरचा नाही, तो खडकीहून आणलेला आहे. माझे वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते. १८६९ सालची फॅक्टरी, तिच्या भोंग्यावर आमच्या घराचं घड्याळ चालायचं. बारा बोअरची काडतुसं तिथे बनत. पितळी बुडावर ‘केएफ’ ही दोन अक्षरं असलेलं एक रिकामं काडतूस माझ्या कंपासपेटीत कित्येक वर्षं होतं. बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या दुनळीत हेच असतं, याचा मला अभिमान वाटायचा. पण जुन्या पुस्तकांतल्या फोटोंत वाघाच्या पाठीवर पाय देऊन उभे असलेले साहेब आणि संस्थानिक दिसत, तेव्हा वेगळंच वाटे. वडिलांनी आयुष्यात एकदाही बंदूक चालवली नाही. करणारे आपण आणि उडवणारे ते, अशी वाटणी मी तेव्हाच करून टाकली आणि पुढे कधी तपासली नाही.

आता मी हल शहराजवळ राहते. योगायोग असा की इथेही काडतुसांचे दोन मोठे कारखाने आहेत. टीव्हीवर ट्वीडचे कोट घातलेले जमीनदार दिवसाला शेकडो फेझंट पाडताना दिसले की माझी जुनी वाटणी अधिकच पक्की व्हायची. शेजारचे आजोबा दर रविवारी बंदूक घेऊन जातात हे मला ठाऊक होतं. ते निवृत्त बसचालक. माझी मुलं लहान असताना त्यांनीच कितीतरी वेळा त्यांना शाळेतून आणलेलं. त्यांना मी अपवाद ठरवलं होतं. पूर्वग्रह जिवंत ठेवायची ही फार सोयीची रीत आहे: समोरचा माणूस चांगला निघाला की त्याला अपवादात टाकायचं आणि बाकीच्यांवरचा राग तसाच जपायचा.

२०२४ च्या वसंतात त्यांच्या छोट्या नेमबाजी क्लबचे खजिनदार आजारी पडले. मी एका वाहतूक कंपनीचे हिशेब बघते. आजोबांनी विचारलं, वर्षाचा ताळेबंद घालून देशील का? त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. ते दोन वह्या आणि पावत्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले.

हिशेब समजायला आधी खेळ समजून घ्यावा लागला. यात पक्षी मरत नाही. पूर्वी पिंजऱ्यातली जिवंत कबुतरं सोडून ती मारत. ब्रिटनमध्ये ते १९२१ च्या कायद्याने बंद झालं. आता डांबरासारखी राळ आणि चुनखडी यांची ११० मिलिमीटरची तबकडी यंत्रातून भिरकावतात आणि ती हवेत फोडायची. एका फेरीला पंचवीस तबकड्या, काडतुसांच्या डबीतही पंचवीसच. पहिल्या नळीने चुकली तर काही प्रकारांत दुसरी नळी झाडता येते, म्हणजे खर्च आणखी. चार फेऱ्या खेळणाऱ्याचे काडतुसांचे वीस पौंड होत होते, ते आता तीसच्या वर गेले होते. महिन्याला चाळीस-पन्नास पौंडांचा फरक.

पावत्यांमध्ये पुरवठादाराचं एक पत्र होतं, भाववाढीची कारणं सांगणारं. शिसं, प्लॅस्टिक, पुठ्ठा, वीज, जहाजाचं भाडं. आणि दारू. काडतुसातली दारू नायट्रोसेल्युलोजची, आणि ते बहुतेक कापसापासून होतं: रुई काढून घेतल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, तिच्यापासून. यवतमाळला मावशीकडे जायचो तेव्हा जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर आम्ही लोळायचो. ती लव फ्रॉकला चिकटून घरी यायची. तीच लव तोफगोळ्यांच्या दारूतही जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सैन्यांची मागणी एकदम वाढली. दारूचे कारखाने आधी तोफांना पुरवणार, रविवारच्या तबकड्यांना मग. हे वाचूनही माझ्या मनात काही हललं नाही. युद्धापुढे यांच्या खेळाची काय कथा, असंच वाटलं.

मग मी सभासदांची वही उघडली. जुन्या पद्धतीची, हाताने आखलेली. डावीकडे नाव, पुढे प्रत्येक रविवारच्या फेऱ्या. जे सभासद सोडून गेले त्यांच्या नावावर लाल शाईची रेघ. २०२१ पर्यंत एखाददुसरी, त्यानंतर पानापानावर. वर्गणीचा मेळ घालायचा म्हणून मी एकेक नाव वाचत गेले आणि आजोबा सांगत गेले. हा ट्रक चालवायचा. ही वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, मुलीला घेऊन यायची. हा शाळेचा शिपाई, क्लबातला सगळ्यात पक्का नेम त्याचा. हे दोघे भाऊ गवंडी. ते सांगत होते, मी खूण करत होते. रेघ मारायच्या आधीचे आकडेही दिसत होते: चार फेऱ्या, मग तीन, मग दोन, मग महिन्यातून एक, मग रेघ. माणूस एकदम जात नाही. आधी तो मोजायला लागतो.

पान उलटलं आणि एका नावाशी माझं बोट थांबलं. रेघ नव्हती. चार फेऱ्या, चार फेऱ्या, चार, २०१९ पासून चारच्या खाली एकदाही नाही. मी विचारलं, हे कोण? आजोबा म्हणाले, पलीकडच्या इस्टेटीचे मालक.

मी पेन खाली ठेवलं. ज्याच्यावर माझा राग होता, त्याच्या ओळीला महागाईचा धक्काही लागला नव्हता. ज्या भाववाढीवर मी मनात खूश झाले होते, तिने माझ्या वडिलांसारखे लोक एकेक करून बाहेर काढले होते. हा खेळ फक्त श्रीमंतांचा आहे हे माझं मत खोटं होतं, आणि ती महागाई ते खरं करत निघाली होती. खडकीच्या कामगाराची मुलगी म्हणून मी मिरवत होते, आणि कामगाराच्या रविवारवर रेघ पडताना मला समाधान वाटलं होतं. याची लाज मला अजून वाटते.

आजोबांचं नाव शोधलं. चार, चार, दोन, एक. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

काडतुसातल्या शिशाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ते पाणपक्ष्यांच्या पोटात जातं आणि त्यांना मारतं. इंग्लंडमध्ये बदकांच्या शिकारीला ते १९९९ पासून बंद आहे, आणि ते योग्यच झालं. पण खरं बोलायचं तर भाववाढीवर खूश झाले तेव्हा माझ्या मनात बदकं नव्हती. कुणी विचारलंच तर सांगायला ते कारण मी हाताशी ठेवलं होतं.

त्या जूनमध्ये मी त्यांच्याबरोबर मैदानावर गेले. आजोबांनी खिशातून एकच डबी काढली. दुसऱ्या नळीत काडतूस भरलंच नाही; चुकली तर चुकली. पंचवीस संपली तेव्हा त्यांनी बंदूक पिशवीत घातली, आणि घरी जायचं सोडून दुपारपर्यंत ते इतरांसाठी यंत्राचं बटण दाबत उभे राहिले. मी गवतातलं एक रिकामं काडतूस उचललं. अजून कोमट होतं. वडिलांच्या हातून अशी किती गेली असतील, आणि ती चालवणाऱ्यांत असाही कुणी बसचालक असू शकतो, हे त्यांच्याही मनात कधी आलं असेल का?

तेव्हापासून क्लबचे हिशेब माझ्याकडेच आहेत. काडतुसं आम्ही एकत्र, घाऊक मागवतो आणि नफा न ठेवता देतो. तेवढ्याने फार फरक पडत नाही. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या माणसाला बंदुकीच्या परवान्याला ७९.५० ऐवजी १९४ पौंड भरावे लागतात. २०१९ च्या वहीत रेघ नसलेली ७४ नावं होती. या रविवारी मी मोजली, ३१ आहेत.