टपाल वाटून झाल्यावर

व्हर्जिनियातल्या रग्बी या डोंगराळ खेड्यात वेन हेंडरसन यांच्या दोन ओळखी आहेत. गावकऱ्यांच्या लेखी ते वर्षानुवर्षं टपाल घेऊन येणारे पोस्टमन. गिटारवाल्यांच्या लेखी मात्र असा कारागीर, ज्याची एक गिटार मिळवायला खुद्द एरिक क्लॅप्टनला सुमारे दहा वर्षं थांबावं लागलं. टपालाची फेरी संपली, की हेंडरसन यांचा दुसरा दिवस सुरू व्हायचा.

१९४७चा त्यांचा जन्म. पोरवयात त्यांनी गिटार करायला घेतली ती कपाटाच्या खणाच्या तळाचं पातळ लाकूड काढून. चिकटवायला मिळाला रबरपट्ट्या बसवायचा डिंक. उकाड्यात तो सुटला आणि सांधे उकलले. वडिलांनी मग पोराला अल्बर्ट हॅश यांच्यासमोर उभं केलं. हॅश (१९१७–१९८३) फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, बनवायचे, झकास वाजवायचे आणि पोटासाठी कारखान्यात यंत्रांवर काम करायचे. त्यांनी पोराला धीर दिला, बरं लाकूड दिलं. उमेदवारी सुरू झाली ती अशी, कुठल्याही दाखल्याशिवाय.

या उमेदवारीत शिकायचं काय असतं? गिटारची वरची फळी स्प्रूसची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार असतो. हेंडरसन त्या पट्ट्या साध्या खिशातल्या चाकूनं तासतात. लाकूड जास्त राहिलं तर आवाज कोंडतो. जास्त निघालं तर तारांच्या ताणानं फळी फुगते. नेमकं माप लिहून देता येत नाही, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या लवत नाहीत. म्हणून फळी हातात धरून किंचित वाकवायची, टिचकी मारून ऐकायची, थोडं तासायचं, पुन्हा टिचकी. नवशिक्याला उस्ताद शेजारी हवा असतो तो इथं, ‘आता पुरे’ म्हणायला.

वाजवण्यातही तीच गत. नॉर्थ कॅरोलिनात माउंट एअरीजवळ राहणारे फिडलवादक टॉमी जॅरल (१९०१–१९८५) महामार्ग खात्यात रस्ता सपाट करण्याचं यंत्र चालवायचे. वडील बेन हेही नावाजलेले फिडलवादक. टॉमी शिकले ते घरातच, कानानं. निवृत्तीनंतर शहरातली तरुण मुलं त्यांच्या दारात येऊ लागली. जॅरल त्यांना जेवू घालायचे, मुक्कामाला ठेवायचे आणि वाजवत राहायचे. फिडलच्या जाड दोन तारा एकेक स्वर वर चढवल्या, की मोकळी तार सुरात घुमत राहते. एवढं टेपवरूनही कळतं. डाव्या हाताची बोटंही त्या मानानं लवकर साधतात. खरी मेख उजव्या मनगटात. गज कुठं उलटतो, कुठं नुसताच झुलतो, हे समोर बसून पाहिल्याशिवाय हाती लागत नाही. १९८२मध्ये अमेरिकेनं लोककलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत जॅरल होते. हेंडरसन यांना तो १९९५मध्ये मिळाला.

एक कारखान्यातला, एक रस्त्यावरचा, एक टपालातला. अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या या विद्या नोकरीतून उरलेल्या वेळेत जगल्या. पण शिकवायला सर्वांत जास्त लागतो तो वेळच. व्हर्जिनियात २००२पासून चालणाऱ्या लोककला उमेदवारी योजनेनं नेमकं हेच हेरलं. एक उस्ताद आणि एक उमेदवार यांची जोडी नऊ महिने एकत्र काम करते आणि त्यासाठी त्यांना आर्थिक मदत मिळते. काय आणि कसं शिकवायचं, ते उस्तादानं ठरवायचं.

हेंडरसन यांची मुलगी जेन या वाटेला आली ती कर्जापायी. पर्यावरण कायद्याचं शिक्षण झालं होतं, त्याचं कर्ज फेडायचं होतं. विकायला एखादी गिटार करून द्याल का, असं तिनं वडिलांना विचारलं, तर त्यांनी तिलाच कामाला जुंपलं. चाकू तिच्या हातात बसला, लाकडाची निवड मात्र तिनं स्वतःच्या मतानं केली. गिटारच्या पाठीला ब्राझिलियन शिसवाचा मान मोठा. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२पासून कडक निर्बंध आहेत. भारतातल्या शिसवालाही या धंद्यात मोठी मागणी असते. जेनचा कल ओक, अक्रोड अशा आसपासच्या लाकडांकडे. हॅश यांच्यापाशी कारखाना होता, वडिलांपाशी टपाल. जेननं मात्र नोकरी सोडून वाद्यं बनवणं हाच पूर्णवेळ धंदा केला.