पडलेला ऊस

वर्गात मी गुरुत्वानुवर्तन बरं शिकवायचो. घेवड्याची कुंडी आडवी ठेवायची, शेंडा वर वळला की पोरांना दाखवायचा, फळ्यावर बाण काढायचे. डार्विननं मुलाला सोबत घेऊन वनस्पतींच्या हालचालींवर १८८० साली अख्खं पुस्तक काढलं, हेही सांगायचो. करवीर तालुक्यातल्या घरच्या रानात तेच समोर आलं, तेव्हा मात्र ओळखलं नाही.

सप्टेंबरअखेरच्या वादळी पावसात आडसाली ऊस लोळला, को ८६०३२. सहामाहीच्या पेपरांत अडकल्यानं रानात पोचायला आठवडा उलटला. ऊस उभा करायचा, चार-पाच एकत्र घेऊन पाचटानं बांधायचे, असं ठरवूनच गडी घेऊन गेलो. शेजारच्या बांधावरून आप्पा म्हणाले, "मास्तर, त्यो उठलाय की आपला आपण. आता कशाला हात लावताय?" मी नुसता हसलो. बीएस्सी झालेला माणूस मी.

बुडखा आडवा होता, पण शेंड्याकडं प्रत्येक ऊस कोपरात हात दुमडावा तसा वर वळला होता. पेराशी, डोळ्याच्या जरा वर, फिकट रंगाचं बारीक कडं असतं. ऊस आडवा झाला की त्या कड्यातल्या खालच्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा उचलला जातो. लाजाळूचं वेगळं. तिच्या पानाच्या बुडाशी पेशींतलं पाणी निघून जातं, थोड्या वेळानं परत येतं, पान उघडतं. उसाची हालचाल म्हणजे वाढ; झालेली वाढ माघारी जात नाही. हा फरक मी दरवर्षी परीक्षेत विचारायचो आणि चुकला की मार्क कापायचो.

बुडखे उभे केल्यावर वर बघणारे शेंडे आडवे झाले. गड्यांनी तेही मोळीत ओढले, तसे कडाकडा मोडायला लागले. पहिला मोडला तेव्हाच थांबता आलं असतं. पण मजुरी ठरली होती, आप्पा बघत होते. मी रेटलं.

शेंडा गेला की खालच्या डोळ्यांवरचा त्याचा धाक जातो. पांगशा फुटल्या, साठलेली साखर त्या खात बसल्या. मोडलेलं वाडं म्हशीनं खाल्लं. तिची काही तक्रार नव्हती. तोडीला टोळीनं वरचे पैसे मागितले आणि वजनातली घट काट्यावर दिसलीच. साखरेतली घट तेवढी माझ्या एकट्यावर आली नाही. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, त्यामुळं माझ्या शहाणपणाचा तो भुर्दंड सगळ्या सभासदांनी नकळत वाटून घेतला. आप्पाही सभासदच होते.